दूधकट्ट्यावरचे हवालदार

जोतीराम हवालदार हळू आवाजात बोलायला लागले, की पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा कान टवकारतात. त्यांचं हळू म्हणजे दुसऱ्याची बोंब. जन्म मलकापूरकडचा, तरणेपण सगळं फौजेत गेलं, आणि निवृत्त झाल्यावर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गेटवर खुर्ची टाकून बसले. पेन्शन आहे, पोरगी पेठ वडगावात सुखाच्या घरी दिली आहे, मिशी अजून काळी आहे. ह्या माणसाला काय कमी, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातंय!

फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात. त्याला बडी म्हणतात. खाणं, पहारा, झोप, सगळं त्याच्या जोडीनं. हवालदारांचा बडी विश्वजित, राधानगरीकडचा, सदा हसणारा गडी. एकदा हवालदारांना ताप भरला म्हणून विश्वजित त्यांच्या पाळीला पहाऱ्यावर गेला, आणि वरून बर्फाचा कडाच्या कडा खाली आला. त्याला उकरून काढायला हवालदार तापातच धावले होते, पण हाती आला तो नुसता देह. पुढं गावी आल्यावर घास तोंडाशी न्यायचे आणि हात तिथंच थांबायचा. भावकी म्हणायची, "फौजी गडी हाय त्यो, त्येला काय हुतंय!" ह्या एका वाक्यानं किती गडी आतल्या आत कुजवले, देवाला ठाऊक.

शेवटी बायकोनं, चिमणाबाईंनी, एका दुपारी स्वतःचं ताट पुढून सारलं. "तुमी जेवत न्हाईसा तवर मी बी जेवत न्हाई. काय झालंय त्ये सांगा." नवऱ्यानं डोळे वटारले, आवाज चढवला, पण बाई बसली ती बसलीच. मग सांगता सांगता हवालदार लहान पोरागत रडले. पुढं डॉक्टर झाले, गोळ्याही झाल्या. माणूस उभा राहिला.

तेव्हापासून त्यांचा हा उद्योग. आपल्या कोल्हापुरात म्हशी दारात, कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर पिळतात, आणि फेसाळलेलं दूध तिथंच उभ्या उभ्या प्यायचं असतं. अशाच एका कट्ट्यावर हवालदार रोज सकाळी बसतात. जोडीला शांतिनाथ, अग्निशमन दलात बंब चालवून निवृत्त झालेले. शांतिनाथ जैन, सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालत नाहीत, म्हणून संध्याकाळचा कट्टा बाद आणि सकाळचा पक्का. कुठं आग लागली, अपघात झाला, पूर आला, की तिथं राबलेल्या जवानाला, पोलिसाला हे दोघं हळूच निरोप धाडतात, "दूध प्यायला ये की." आला तर बसायचं. बोलला तर ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही आणि "इसर आता" म्हणायचं नाही, एवढीच तिथली शिस्त. टवाळांनी त्याला रडक्यांचा कट्टा म्हणून नाव पाडलंय. पाडू देत! त्यातल्याच एकाचा पोलीस भाऊ गुपचूप तिथं येऊन बसून गेलाय.

महापूर ओसरल्यावर असाच निरोप अमरसिंहला गेला. अमरसिंह दलातला ऐन उमेदीचा जवान, पुरात रबरी बोट घेऊन अख्खी वाडी बाहेर काढलेला. चौकात तालमीच्या पोरांनी त्याचा हा मोठा फ्लेक्स लावला होता, 'ढाण्या वाघ' लिहून. आणि हा वाघ घरी भिंतीकडं तोंड करून पडलेला. ड्युटीवर जाईना, पोरीला जवळ घेईना. त्याची बायको संयोगिता शांतिनाथांच्या घरी येऊन म्हणाली, "काका, त्ये माझ्याकडं बघत्यात, पर मी दिसतच न्हाई त्यास्नी. मला भ्या वाटतंय. जिवाचं कायतरी करून घेतील."

अमरसिंह आला. सलग काही दिवस आला, बसला, पेला हातात धरून तसाच परत ठेवून गेला. एक शब्द नाही. हवालदारांचा जीव तुटत होता, पण शिस्त म्हणजे शिस्त. त्या दिवशी मात्र त्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. पोरगा वाळून काटकी झालेला, आणि पुढ्यातलं दूध गार होत चाललेलं. ते बघून, कट्ट्यावरची पोरं ज्यांना मामा म्हणतात त्या हवालदारांतला मामा जागा झाला आणि ते आपल्या कोल्हापुरी रीतीनं खेकसले, "पी की लेका! न्हाईतर मर तिकडं!"

आता हे काय बोलणं झालं का, असं परक्या गावचा माणूस विचारील. आपल्याकडं आई जेवण अर्धं टाकून पळणाऱ्या पोराला हेच म्हणते, दोस्त दोस्ताला हेच म्हणतो. त्यात राग असला तरी माया दुप्पट असते. कट्ट्यावरचे दोघंतिघं हसलेसुद्धा. पण अमरसिंहचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं पेला खाली ठेवला, कुणाकडं न बघता गाडीला किक मारली आणि गेला.

"जोतीबा, कायतर चुकलं बघ," शांतिनाथ म्हणाले.

 काय चुकलं ते हवालदारांना कळेना, पण चुकलं होतं हे नक्की. तासाभरात संयोगिताचा फोन. हा घरी पोचलाच नव्हता, आणि मोबाईल उशाशीच पडलेला होता.

शांतिनाथांनी दलातल्या जुन्या सोबत्यांना फोन लावले आणि हवालदारांना गाडीवर मागं बसवलं. "नदीकाठच्या वाडीत जाऊया," ते म्हणाले. "त्येनं शेवटची खेप तिथंच केलती. त्या दिसापासनं त्यो गप हाय."  वाटभर हवालदारांच्या मनात एकच चाललं होतं. हे पोर गेलं, तर माझ्या तोंडानं गेलं.

वाडीत गाडी दिसली. एका पडक्या गोठ्यात, गाळ वाळून भेगाळलेल्या जमिनीवर, अमरसिंह गव्हाणीला टेकून बसला होता. शांतिनाथ बाहेरच थांबले आणि त्यांनी संयोगिताला गावल्याचं कळवलं. हवालदार आत गेले आणि गुडघे कुरकुरत असतानाही त्याच्या शेजारी भुईवर बसले. समोर म्हशीचं रिकामं दावं पडलं होतं.

मग हवालदारांनी आडपडदा न ठेवता विचारलं. अशा वेळी विचारायला माणसं भितात. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घालू, असं वाटतं. तसं काही नसतं. हवालदारांनी विचारलं, "अमर, जीव द्यायचा इचार येतोय का तुला?"

"व्हय," अमरसिंह म्हणाला. किती दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द निघाला होता!

"बरं केलंस सांगितलंस. मी हितनं हलत न्हाई. काय झालं सांग."

मग तो बोलला. तुटक तुटक, धाप लागल्यासारखा. ह्या गोठ्यात एक म्हातारा होता. पाणी कमरेला आलं तरी म्हशीला सोडून बोटीत यायला तयार होईना. बोटीत बायापोरं भरलेली, पाणी चढतंय, बोट वाहून चाललीय. ह्यानं हात जोडले, दमदाटी केली, शिव्या दिल्या. म्हाताऱ्यानं म्हशीच्या गळ्यात हात टाकला. आणि हा वैतागून ओरडला, "मर मग तिकडं म्हशीसंगं!" बायापोरं काठाला सोडून लगेच माघारी फिरला. गोठ्यात नुसतं पाणी होतं.

"त्येनं शेवटचं माणसाचं बोलणं ऐकलं, त्ये माझं," अमरसिंह म्हणाला. "मर म्हटलं मी त्याला. आन् लोक माझा फ्लेक्स लावत्यात, मामा."

 सकाळी आपण काय बोललो ते आत्ता हवालदारांना कळलं. 'तुझा काय दोष' हे वाक्य ओठापर्यंत आलं होतं, ते त्यांनी गिळलं. त्यांना स्वतःला ते वाक्य कितीजणांनी ऐकवलं होतं, एकदाही उपयोग झाला नव्हता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि फौजेतला तो दांडगा माणूस रडायला लागला.

"मला माफी दे लेका," ते म्हणाले. "मी बी सकाळी तुला त्येच बोललो. माझ्या तोंडाला आग लागो. तुझ्या जिवाला काय झालं असतं, तर मी काय केलं असतं रं!"

अमरसिंह गडबडला. म्हातारा माणूस आपल्यापुढं असा रडतोय हे त्याला बघवेना. त्यानं त्यांचा हात धरला. "आवो मामा, असं काय करताय? तुमचं काय चुकलं? मी जगावं म्हणूनच बोलला की तुमी. मी दूध पीत नव्हतो, तुमचा जीव तुटत हुता, म्हणून आलं त्ये तोंडात. त्ये काय मला कळत न्हाई व्हय?"

बोलता बोलता तो थांबला.

हवालदारांनी डोळे पुसले नाहीत, नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आन् तू?"

 मग अमरसिंहला तो हुंदका आला, जो इतके दिवस कुठं अडकला होता कोण जाणे. तो मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं रडला. त्या म्हाताऱ्याला "आज्जा, आज्जा" म्हणून हाका मारत रडला. वाडीतली चार माणसं धावत आली, त्यांना शांतिनाथांनी हातानंच लांब थांबवलं. हवालदारांनी त्याला गप कर म्हटलं नाही. हात तेवढा सोडला नाही.

ऊन चढलं तसं रडणं ओसरलं. हवालदार म्हणाले, "आता दवाखान्यात जायाचं. मला बरं केलेला डॉक्टर हाय, मी संगं येतो. उद्या बी येतो, परवा बी येतो."

अमरसिंहनं मान हलवली. मग गव्हाणीला धरून उठला आणि म्हणाला, "मामा, फोन द्या जरा."

हवालदारांनी नंबर लावून दिला. पलीकडून संयोगिताचा आवाज आला, घाबरा, फाटलेला, "गावलं म्हणं मामा, कसं हाईत? बोलत्यात का?"

अमरसिंहनं मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मी हाय गं," तो म्हणाला. "मी हाय."