वर्लिन कोचचा एकुलता एक चषक

वर्लिन कोचच्या कपाटात बावीस वर्षांत एकच चषक आला, आणि तोही खेळून मिळवलेला नाही.

अमेरिकेतल्या इंडियानाहून फिलिपिन्समधल्या इलोइलोला बास्केटबॉल शिकवायला आला तेव्हा कोच चाळिशीचा होता. उंची सहा फूट चार इंच, आणि तोंड त्याहून मोठं. दोन कॉलेजांनी त्याला वर्षाच्या आत नारळ दिला. मग सान रोके वस्तीचा प्रमुख, कापितान देमेत्रियो, याने त्याला बोलावलं.

"तीन वर्षं आमची पोरं आपसात भांडून घरी बसतात," कापितान म्हणाला. "या जत्रेत संघ मैदानात उतरला तर नोकरी पक्की. नाही उतरला तर विमान गाठा."

कोचला विमान गाठायचं नव्हतं. तिकडे त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

त्याने पोरांना शिस्त लावली. सरावाआधी खायचं नाही, म्हणून मानांग सोलिंगची साखरेत तळलेल्या केळ्यांची गाडी बास्केटच्या खांबाखालून उचलून रस्त्यापलीकडे ढकलली. मानांग, म्हणजे थोरली ताई, त्रेसष्ट वर्षांची, आणि कोच राहायचा तिच्याच माडीवर. पाण्यात राहून माशाशी वैर, पण सांगणार कोण? जत्रेच्या आदल्या दिवशी कापितानची भाची नटूनथटून आली. जत्रेच्या संचलनात प्रत्येक संघापुढे एक सुंदरी चालते, तशी ती चालणार होती. कोचने तिलाही हाकललं. "इथे खेळ आहे, वरात नाही." पोरगी फणकाऱ्याने शेजारच्या वस्तीच्या संघाला जाऊन मिळाली.

रविवारी सकाळी जत्रेच्या समितीच्या मिस एव्हांजेलीनने संचलनाच्या तोंडाशीच संघ अडवला. बाई निवृत्त मास्तरीण.

"तुमची सुंदरी कुठाय?"

"नियमांच्या पुस्तकात असं काही नाही." कोचने पुस्तक उघडून दाखवलं.

"ते पुस्तक ठेवा खिशात. सुंदरी नाही तर संचलन नाही, संचलन नाही तर सामना नाही. अर्धा तास देते."

वस्तीतल्या निम्म्या पोरी दुसऱ्या संघांपुढे उभ्या होत्या, उरलेल्या भाचीच्या मैत्रिणी. कोच रस्ता ओलांडून मानांगच्या गाडीपाशी गेला.

"मानांग, जरा..."

"माझी गाडी हलवलीस तेव्हा 'जरा' म्हणाला नव्हतास."

"चुकलं माझं."

"मोठ्याने बोल. पोरांनाही कळू दे."

"चुकलं," कोच सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला.

मानांगने झारा खाली ठेवला. "गाडी परत खांबाखाली. आणि ऊन फार आहे, छत्री तू धरायचीस."

तर संचलनात मानांग सोलिंग संघाची फीत मिरवत, राणीसारखी हात हलवत पुढे चालली, आणि मागे कंबरेत वाकलेला कोच तिच्यावर फुलाफुलांची छत्री धरून. शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. मग सान रोकेची पोरं एकतीस गुणांनी हरली. पण उतरली. संध्याकाळी सर्वोत्तम सुंदरीचा चषक एकमताने मानांगला मिळाला. तिने तो कोचच्या हातात कोंबला. "ठेव. तुला दुसरा कुठला मिळायचाय?"

कोच खो-खो हसला. इथे आल्यापासून तो असा हसलाच नव्हता.

कापितान आला. "शब्द म्हणजे शब्द. राहताय ना?"

कोचच्या तोंडात मानांगचं गरम केळं होतं. "आधी हे संपू दे," तो म्हणाला.

बावीस वर्षं झाली. गाडी आता मानांगची नात चालवते, त्याच खांबाखाली, आणि कोचचं अजून संपलेलं नाही.