फिटरकाकांचा शेवटचा पीळ

आमच्या गल्लीत फिटरकाकांना नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. गावाला पाणी चढवणाऱ्या पंपघरात त्यांची उभी हयात गेली. जाडजूड पाइप, पाइपांचे सांधे आणि सांध्यांवरचे नट, एवढं त्यांचं जग. नट पुरता बसला असं दुसऱ्या कुणालाही वाटलं, की काकांचं काम तिथून सुरू व्हायचं. हात क्षणभर थांबायचा, श्वास आत जायचा, आणि मग पान्याला एक शेवटचा पीळ. त्याचा आवाज व्हायचा नाही, फक्त काकांचा जबडा किंचित हलायचा. त्यांनी आवळलेला सांधा कधी गळला नाही. शेजारी म्हणून हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण ते पाणी आम्हीच प्यायलोय.

काका निवृत्त झाले तसे त्यांचे पाने घरी आले आणि त्या घरालाच पीळ बसू लागले. खिडक्यांचे स्क्रू, पलंगाचे पाय, नळाची तोटी, काही सुटलं नाही. साखरेच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं, की ते त्यांच्याशिवाय कुणाला उघडत नसे. काकू बरणी काखोटीला मारून अंगणात यायच्या.

"अहो, ही साखर आहे. धरण नव्हे!"

"मुंग्या लागतात," काका म्हणायचे आणि एका हातानं झाकण उघडून द्यायचे. मला तर वाटतं, काकूंनी दिवसातून दोनदा आपल्याकडे यावं यासाठीच ते इतकं घट्ट लावत असावेत. पण असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

त्यांना एकच मुलगी. तिला ते ठकी म्हणायचे, आणि मोठी झाली तरी ठकीच म्हणत राहिले. ठकी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. त्या कामासाठी शहरात जाऊन एका खोलीत राहिली. फोनवर नेहमी "बरं आहे, बाबा" एवढंच. एकदा काका न कळवता तिच्याकडे गेले. खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. ठकी दार उघडून बोलायला गेली तर तिचा आवाज घोगरा निघाला, कारण कित्येक दिवसांत ती कुणाशी शब्दही बोलली नव्हती. काकांनी तिचा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि दोघं घरी आली.

पुस्तकं काढणाऱ्या संपादकबाई भल्या होत्या. घरून काम करायला त्यांनी हो म्हटलं, पण अट घातली. काम वेळेत आलं पाहिजे. अडलं, तर ठकीनं परत शहरात येऊन त्यांच्या कचेरीत बसायचं.

मागच्या अंगणाकडच्या खोलीत ठकीचं टेबल लागलं. महिन्याभरात तिचा आवाज मोकळा झाला, मग हसणंही ऐकू येऊ लागलं. त्यातच तिला मोठं काम मिळालं. घडी उलगडत जावी तसं पान मोठं होत जाणारं एक जंगल. पातळ कागदांवर कागद ठेवावेत तसे त्या चित्राचे थर होते. एका थरावर खोडं, एकावर पानं, एकावर ऊन, एकावर पाखरं. एवढं सगळं एका वेळी उचलून धरायचं तर कॉम्प्युटरला मेमरी भरपूर लागते. म्हणून ठकीनं त्यात मेमरीची आणखी एक पट्टी बसवून घेतली होती. जुनी आठ, नवी आठ, मिळून सोळा जीबी. जंगल सुरेख उघडत होतं.

मग एके दिवशी मायलेकी डॉक्टरांकडे गेल्या, काकूंचे डोळे दाखवायला. काका घरात एकटे. ठकी कॉम्प्युटर चालू ठेवून गेली होती, आणि काकांच्या कानाला त्याच्या आतल्या पंख्याची घरघर लागली. पंपघरातल्या माणसाला असा आवाज सोसवत नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, तारा काढल्या, पेटी उघडली. आत धुळीच्या गाद्या. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढून त्यांनी मऊ ब्रशनं झाडला. दुकानात विचारून ठोकळ्याखाली लावायचा, उष्णता ओढून घेणारा नवा लेप आणला, लावला, आणि ठोकळा परत बसवला. चारही स्क्रू तिरकस क्रमानं, रीतसर. वाटेल ते काम वाटेल तसं करणारा माणूस नव्हताच तो.

पंखा गप्प झाला. ठकी घरी आली तेव्हा काका दारातच उभे होते. "ऐक," म्हणाले. ठकीनं ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं त्यांचा दंड दाबला.

पण त्या दिवसापासून जंगल उघडेना. खोडं यायची, पानं यायची, आणि ऊन पडायच्या आत सगळं गोठून जायचं. ठकीनं माहितीचं पान उघडून पाहिलं. बसवलेली मेमरी सोळा, आणि वापरता येण्याजोगी आठ.

तिनं बाकीचं सगळं बंद करून पाहिलं, पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिलं. चित्राचे तुकडे करून पाहिले, पण तुकडे जोडताना रंग जुळेनात. एक आठवडा असा गेला. संपादकबाईंचा फोन आला तेव्हा काका अंगणात नळाशी बसले होते, आणि खिडकी उघडी होती.

"हो बाई," ठकी म्हणत होती. "सोमवारपर्यंत नाहीच जमलं तर येते मी तिकडे. खोली बघावी लागेल."

काका उठले ते थेट बाजारातून दुरुस्तीवाल्याला घेऊनच आले. मला बॅटरी घेऊन यायला सांगितलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

दुरुस्तीवाला जाडा आणि बोलघेवडा होता. कॉम्प्युटरशी तो पेशंटशी बोलावं तसा बोलायचा. "काय रे बाबा, अर्धपोटी का बसलास?" म्हणत त्यानं पट्ट्या काढल्या. आधी एक एकटी लावली, मग दुसरी. दोन्ही धडधाकट. जागा बदलून लावल्या, तरी सोळातल्या आठच हाती. सेटिंगमध्ये मेमरीला मर्यादा घालणारी एक खूण असते, ती कुणी चुकून लावली का ते त्यानं पाहिलं. लावलेली नव्हती. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावरचं सगळं वाचून झालं. तिथंही काही नाही.

"पट्ट्या दिसतायत, पण एकीपर्यंत याचा हात पोचत नाहीये," तो कपाळ पुसत म्हणाला. "काकू, चहाचं बघा. डोकं चालेना."

"टाकते. पण साखरेची बरणी आधी यांच्याकडून उघडून घेऊ दे," काकू म्हणाल्या आणि बरणी काकांपुढे धरली.

दुरुस्तीवाला हसला. झाकण फिरवणाऱ्या त्या मनगटाकडे बघता बघता त्याचं हसू थांबलं. त्यानं बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि पेटीत वाकून पाहिलं.

"हा पंखा मध्यंतरी कुणी काढला होता का?"

ठकी चटकन म्हणाली, "नाही. म्हणजे, ते राहू द्या. पट्टीच बदलून बघू या ना."

ती त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. दुरुस्तीवाल्याला ते कळलं. त्यानं बॅटरी विझवली. पण खोलीत काका होते, आणि आपल्या पोरीचे डोळे त्यांना कळत होते.

"मी काढला होता," काका म्हणाले. "मीच बसवला. का हो?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं. प्रोसेसरच्या खाली केसासारख्या बारीक तारांचं अंथरूण असतं. वरचा ठोकळा एका कोपऱ्याला जास्त आवळला, की खालचा बोर्ड किंचित वाकतो आणि दुसरीकडच्या काही तारा टेकायच्या राहतात. मेमरीच्या वाटा त्याच तारांतून जातात. "काम तुमचं स्वच्छ आहे, काका. माझ्या दुकानात असं होत नाही. फक्त..."

"घट्ट झालं," काका म्हणाले.

काकूंच्या हातात उघडी बरणी तशीच राहिली.

काकांनी ठकीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस? निघाली होतीस परत त्या खोलीत."

ठकीनं टेबलाच्या कडेवर नख फिरवलं. "त्या दिवशी तुम्ही दारात उभे होतात ना, बाबा. पंखा ऐकवायला."

मग काकांनी दुरुस्तीवाल्यापुढे हात केला. "स्क्रू ड्रायव्हर द्या. मी आवळला, मीच सैल करीन."

ठोकळा काढून जुना लेप पुसला, नवा लावला. ठोकळा ठेवला. काका एकेक स्क्रू फिरवू लागले. शेवटच्या स्क्रूशी हात सवयीनं थांबला, श्वास आत गेला, जबडा हलला.

"बास!" दुरुस्तीवाला म्हणाला. "अडला की सोडायचा."

काकांच्या मनगटावरची शीर उभी राहिली होती. मी पंपघरात त्यांना सबंध पाइप अंगावर पेलताना पाहिलंय, पण इतके कष्ट पडलेले कधी पाहिले नव्हते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर स्क्रूवरून उचलला. "सुटला तर?" एवढंच पुटपुटले.

"नाही सुटत, बाबा," ठकी म्हणाली.

कॉम्प्युटर सुरू झाला. सोळाच्या सोळा. ठकीनं जंगल उघडलं. खोडं आली, पानं आली, मग पानांच्या फटींतून ऊन पडलं आणि सगळ्यात शेवटी पाखरं येऊन बसली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाखरं जरा जास्त झालीत," काकू म्हणाल्या आणि नाक ओढत चहा टाकायला गेल्या.

ठकीनं सोमवारी काम पाठवलं. त्यानंतर पुन्हा शहरातल्या खोलीचा विषय निघाला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी सकाळी अंगणात होतो. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. एका हातात साखरेची बरणी, दुसऱ्या हातात झाकण. स्वतःच उघडलेलं. त्या झाकणाकडे बघत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"अहो," शेवटी त्यांनी हाक मारली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय झालंय?" काका म्हणाले.

"काही नाही." काकूंनी झाकण परत बरणीवर ठेवलं, आणि दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. मग बरणी काखोटीला मारून त्या काकांपाशी गेल्या.

"उघडून द्या बघू. मला नाही उघडत."