केळवणाच्या दिवशीची मोजणी

मतमोजणीच्या ड्युटीवर मी आजवर पाच वेळा गेलो आहे. दोनदा सहायक म्हणून, तीनदा पर्यवेक्षक म्हणून. सरकारी नोकरीतल्या माणसाला ते चुकत नाही. हॉलमध्ये चौदा टेबलं असतात, एका फेरीत चौदा यंत्रं उघडतात. आकडा दोनदा वाचायचा, तक्त्यात लिहायचा, उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या आणि पुढच्या यंत्राची वाट बघायची. हे काम मला जमतं. पण त्यामुळे आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत माझा उगीचच बोलबाला झाला आहे की, निवडणुकीतलं याला कळतं. मला निवडणुकीतलं कळत नाही. मला बेरीज कळते.

अमेरिकेत अध्यक्षपदाची मागची निवडणूक झाली, त्याच महिन्यात आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं. माझ्या हातात प्रशिक्षणाचा आदेश पडला होता. आमच्या मतदारसंघात कोण कोण उभं आहे हे इमारतीत चौघांनाही धड सांगता आलं नसतं, पण तिकडच्या सात अटीतटीच्या राज्यांची नावं सगळ्यांना पाठ होती. कारण साधं होतं. आमच्या इमारतीत अठ्ठावीस फ्लॅट, त्यातल्या नऊ घरांतली मुलं तिकडे. सोसायटीच्या ग्रुपवर तावातावाने मेसेज यायचे. ज्यांच्या मुलांना नागरिकत्व मिळालं होतं ते बहुतेक लाल बाजूचे, ज्यांची मुलं व्हिसावर होती ते निळ्या बाजूचे. टीव्हीच्या नकाशावर तिकडच्या दोन पक्षांचे हे रंग, आणि बाहेरून येणाऱ्यांना आवर घाला म्हणणारा तो लाल. मत यातल्या एकालाही देता येणार नव्हतं. तरी दोन निवृत्त माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

सकाळी पामबीचच्या बाजूला फिरायला जाताना हेच चाले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर एकदा म्हणाले, "आमचा मुलगा नियमाने गेला, नियमाने राहिला. आता जरा दार लावून घेतलं तर काय चुकलं?"

माझ्या शेजारचे शेठ बरोबर होते. ते उरणच्या बाजूचे, मोऱ्याच्या बंदराजवळच्या गावातले. वडिलांची मासेमारीची होडी होती. यांनी कळंबोलीला ट्रेलरचा धंदा उभा केला. ते हसले नाहीत, चालता चालताच म्हणाले, "मॅनेजरसाहेब, मोऱ्याच्या लाँचीत जो पयला चढतो ना, तोच नेमी बोलतो, लाँच भरली, सोडा आता."

मॅनेजर त्या दिवशी लवकर घरी गेले.

शेठना हसू येत नव्हतं याचं कारण मला माहीत होतं. त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या अखेरीस ठरलं होतं. मुलगा पनवेलचा, सहा वर्षं तिकडे नोकरीला. साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला, पत्रिका छापायला गेलेल्या. फक्त मुलाने तिकीट काढलं नव्हतं. त्याच्या व्हिसावर भारतात येऊन नवा शिक्का मारून घ्यायचा होता, त्याशिवाय परत जाता येणार नव्हतं. कंपनीच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं की, लाल उमेदवार आला तर पुढे काय होईल सांगता येत नाही, शक्यतो देश सोडू नका. म्हणून तो म्हणे, निकाल लागू दे, मग तिकीट.

मुलगी महापेच्या एका कंपनीत होती. राजीनामा दिल्यावर दोन महिने काम करावं लागायचं. जानेवारीत नवऱ्याबरोबर जायचं तर राजीनामा निकालाच्याच आठवड्यात द्यायला हवा होता. राहणार की जाणार, याचं उत्तर कंपनीने तिच्याकडे बुधवारपर्यंत मागितलं होतं. आणि बुधवारी सकाळी, आपल्या वेळेप्रमाणे, तिकडची मोजणी सुरू होणार होती.

शेठ मला रोज एकच प्रश्न विचारत. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, दूध घ्यायला दार उघडलं की. "साहेब, तुमी हिसाबाचे मानूस. सांगा ना, कोन येल?"

"शेठ, अर्धं-अर्धं आहे. कोणालाच सांगता येत नाही."

"अर्धं-अर्धं मी पन सांगीन. तुमाला विचारून काय फायदा?"

मी कंटाळलो होतो हे मान्य करतो. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं, नंतर ऑफिसात प्रशिक्षणाची पत्रं, आणि दाराशी हा माणूस. मला फक्त एवढंच हवं होतं की निकाल काहीही लागो, पण लागो.

त्यातच आमच्या सौभाग्यवतींनी शेठच्या मुलीचं केळवण ठरवलं. आमच्या मजल्यावर तशी पद्धत आहे. लग्न ठरलेल्या मुलीला शेजारच्या घरी एकदा जेवायला बोलवायचं, पाटाभोवती रांगोळी, ओवाळणं, हातात साडी. बायकोने वार बघून दिवस धरला तो नेमका बुधवार. मी म्हटलं, अगं, त्या दिवशी मोजणी आहे. ती म्हणाली, "मोजणी तुमची नाही ना? मग बसा घरी आणि नारळ खवा." शेठनी तर खूश होऊन सांगितलं, "वैनी, बुधवार हाय, गोडाधोडाबरोबर थोडा मावरा पन करा." सुरमई त्यांनीच आणून दिली, मोऱ्याहून.

बुधवारी मी रजा टाकली होती. साडेसातच्या सुमारास शेठ चहाचा कप हातात घेऊनच आमच्या घरी आले. टीव्हीवर नकाशा होता. सातपैकी जे राज्य सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणत होते, तिथे निळा उमेदवार चांगला पुढे दिसत होता. फरक लहान नव्हता.

"साहेब, हा फरक भरून निगेल का?"

इथे मी चूक केली. ती कशी केली ते नीट लिहितो, कारण नंतर मी ती बऱ्याच वेळा उलटसुलट तपासली आहे. आपल्याकडे मोजणीच्या दिवशी सकाळी आठला आधी टपाली मतं घेतात. ती मूठभर असतात. ड्युटीवरचे कर्मचारी, सैन्यातले लोक, फार तर काही वृद्ध. अर्ध्या तासाने यंत्रं सुरू होतात आणि टपाली मतांचा कोणी फारसा विचार करत नाही. त्यामुळे टीव्हीवर एवढा मोठा आकडा दिसल्यावर माझ्या डोक्याने परस्पर धरलं की, एवढी मतं म्हणजे यंत्राच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर एवढी आघाडी सहसा फिरत नाही, हे मी पाच वेळा डोळ्यांनी पाहिलेलं. तिकडे टपाली मतांचा ढीग असतो, तो कितीतरी ठिकाणी आधी जाहीर होतो, आणि टपालाने मत देणारे बहुतेक एकाच बाजूचे असतात, हे मी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. पण त्या क्षणी मला माझा हॉल आठवला, वाचलेलं आठवलं नाही.

शिवाय मला सुटका हवी होती. तेही लिहायला हवं.

मी म्हणालो, "शेठ, माझ्या अनुभवाने सांगतो, एवढी आघाडी मोडत नाही. निळा आला समजा."

त्यांनी कप टीपॉयवर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या तोंडान साखर," म्हणाले, आणि तसेच अनवाणी आपल्या घरी गेले. त्यांचा आवाज भिंतीतून ऐकू आला.

साडेआठला मी बाकीच्या राज्यांचे आकडे वहीत मांडायला बसलो. नऊच्या सुमारास फरक कमी झाला. दहाला आणखी कमी. मग माझ्या लक्षात आलं की मी काय वाचून काय समजलो. मी उठलो, शेजारची बेल वाजवली. मुलीने दार उघडलं. ती घरूनच काम करत होती, कानात इअरफोन.

"काय गं, ऑफिसला काही कळवलं नाहीस ना अजून?"

"कळवलं काका. नऊला राजीनाम्याचा मेल गेला. बाबा मागेच उभे होते."

मी म्हटलं, बरं. घरी येऊन नारळ खवला.

साडेबाराला सगळी जेवायला बसली. शेठ, शेठाणी, मुलगी, आम्ही दोघं. रांगोळी बायकोने सकाळी लवकर उठून काढली होती. टीव्हीचा आवाज बंद केला होता, चित्र चालू होतं. नकाशावर लाल वाढत होतं. ते मोठं राज्यही आता लाल झालं होतं. कोणी त्याकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते. शेठाणी मुलीच्या पानात सुरमईची तळलेली तुकडी वाढत म्हणाल्या, "तू जेव गो. ते टीवी काय पोट भरतंय का?"

शेठनी मलाही आग्रहाने आणखी एक तुकडी वाढायला लावली. तेच मला जास्त लागलं.

शेवटी मीच म्हणालो, "शेठ, माझं चुकलं. मी टपाली मतांचा हिशेब धरला नाही."

"साहेब, तुमी काय तिथं जाऊन मोजलीत का?" ते म्हणाले, पण पानातून मान वर न करता.

बायकोने ओवाळलं, साडी दिली. मुलगी पाया पडायला वाकली तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, मुलाचा. तिकडे रात्र असणार, त्याच्या मागे खोलीत एकच दिवा होता. ती उठून आत जाईल असं वाटलं, पण ती पाटावरच बसली आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर ठेवला. त्यामुळे आम्हाला सगळं ऐकावं लागलं.

तो दमलेला दिसत होता. वाईट मुलगा वाटला नाही, आताही म्हणत नाही. म्हणाला, "बघितलंस ना? आता डिसेंबरचं काही खरं नाही. वकील म्हणतोय रिस्क आहे. मेमध्ये करू. किंवा पुढच्या वर्षी, सिच्युएशन क्लिअर झाली की."

"मी सकाळी पेपर टाकला," ती म्हणाली.

"अगं, एवढी घाई कशाला केलीस? मला विचारायचं ना."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे.

मुलीने साध्या आवाजात विचारलं, बाजारभाव विचारावा तसा, "एक सांग. आज दुसरा निवडून आला असता, तर तू उद्या तिकीट काढलं असतंस?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण खूप वेळ गेला. टीव्हीवर एक राज्य बदललं तेवढा.

"म्हणजे... बघितलं असतं," तो म्हणाला. "शिक्क्याच्या अपॉइंटमेंटा पण मिळत नाहीयेत. आणि प्रोजेक्ट पण आहे. बघितलं असतं ना."

"ठीक आहे. झोप आता तू," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

शेठाणींनी पदर तोंडाला लावला. शेठ म्हणाले, "अगो, तो दमलाय, रातचा जागा हाय, तसा बोलला..."

"बाबा, तुम्ही महिनाभर सगळ्या बिल्डिंगला विचारलंत की कोण निवडून येणार," ती म्हणाली. "त्याला विचारलंत का कधी, तू येणार का म्हणून?"

"तू विचारलंस?"

"नाही ना. म्हणून तर." मग ती माझ्याकडे वळली. "काका, राजीनामा मागे घ्यायचा मेल कसा लिहितात? तुम्हाला येत असेल."

मला येतो. पंचवीस वर्षं मी असलीच पत्रं लिहितो आहे. भात अर्धा टाकून मी हात धुतले आणि तिच्या शेजारी बसलो. तिने फोनवर लिहायला घेतलं. मी सांगितलं, विषय लिही, सकाळच्या मेलचा संदर्भ दे, वेळ लिही, मग लिही की अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव.

तिने तेवढं टाइप केलं, मग खोडलं. "कारण नको."

"कारण दिल्याशिवाय कोणी मानत नाही गं. वरचा माणूस आधी तेच बघतो."

"कौटुंबिक नाहीये ते, काका. आणि अपरिहार्य पण नाहीये." तिने फक्त एवढंच ठेवलं की सकाळी पाठवलेला राजीनामा मी मागे घेत आहे, तो रद्द समजावा. खाली नाव. मला ते अपुरं वाटलं. मी तसं म्हणालोही. तिने वाचून दाखवलं, आईकडे पाहिलं आणि पाठवलं.

उत्तर शुक्रवारपर्यंत आलं नाही. ते तीन दिवस शेठनी मला लिफ्टमध्ये काहीच विचारलं नाही. "काय साहेब" एवढं म्हणत आणि मजल्याचे आकडे बघत. सोमवारी उत्तर आलं, तिला ठेवून घेतलं. पत्रिका छापून आल्या होत्या, त्यांचा गठ्ठा शेठनी गाडीच्या डिकीत घालून कुठेतरी नेला. इमारतीत सांगितलं गेलं की व्हिसामुळे लग्न पुढे गेलं. तिकडच्या निकालाचं निमित्त सगळ्यांना पटण्यासारखं होतं, मॅनेजरसाहेबांनासुद्धा. ते हळहळले आणि म्हणाले, या राजकारणात साध्या माणसांचं नुकसान होतं. कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही. मे आला आणि गेला. त्या घरातून तारखेचा विषय कोणी काढला नाही, आमच्याही नाही.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती महापेला जायला निघते. परवा लिफ्टमध्ये भेटली तर म्हणाली, "काका, माझं प्रमोशन झालं, आता मी लोकांच्या रजा मंजूर करते."

मी विचारलं, कारण बघतेस का?

"बघते," ती म्हणाली. "पण मागत नाही."