सासूबाईंची स्पॅनिश म्हैस

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जो घोळ घातला ना, तसा अख्ख्या गल्फमध्ये कुणी घातला नसेल!

मंदी नुकतीच आलेली. आमची कंपनी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये टॉवरच्या खिडक्या बनवायची. टॉवरच अर्धवट थांबले, मग खिडक्या काय वाळवंटाला लावणार? मॅनेजरनं एका सकाळी सगळ्यांना बोलावलं आणि भाषण दोन शब्दांत आटोपलं. "खलास, हबीबी!"

नोकरी गेली, व्हिसा संपत आला. तशात नेटवर एका कॉलेजची स्कॉलरशिप दिसली. कॅरिबियन बेटावर राहून शेती आणि ग्रामीण जीवनाचा अभ्यास! देश डॉमिनिका. तिथं केळीच्या बागा, आणि माझ्या सासुरवाडीला जळगावलाही केळीच्याच बागा. म्हटलं, शिकून येऊ आणि गावी जाऊन शेतीच करू.

"खिडक्यांचा माणूस केळी लावणार?" माझी बायको मेधा म्हणाली. पण अर्ज तिनंच भरायला लावला.

आता तिथली भाषा स्पॅनिश. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही! मीच ठरवलं. सीडी आणल्या आणि दिवसरात्र घोकत बसलो. बिल्डिंगचा पठाण वॉचमन मला बघितलं की दुसरीकडे बघायला लागला.

एका संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, कॉलेजातून प्राध्यापकांचा फोन आला. अगदी स्वच्छ इंग्रजीत! "गुड मॉर्निंग, मिस्टर जोशी?"

मी ठणकावलं, "बुएनोस दियास, सेन्योर!"

पलीकडून हळूच, "डू यू स्पीक इंग्लिश?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत! मी कसला फसतो? "नो, सेन्योर! एस्पान्योल!"

"ओके," बिचारे एकेक शब्द तोडत म्हणाले, "टुमॉरो. वी. फाइंड. समबडी."

मी कॉलर ताठ करून फोन ठेवला. एवढ्यात आमची कन्या शाळेचा ॲटलास घेऊन आली. "बाबा, स्पॅनिश इज डॉमिनिकन रिपब्लिक. डॉमिनिका इज अ डिफरंट कंट्री. दे स्पीक इंग्लिश!"

माझ्या पायाखालची वाळूच सरकली.

"मग उद्या खरं सांगून टाका ना," मेधा म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या देशात शिकायला यायचंय, पण तो देश कुठला तेच ठाऊक नव्हतं? हाकलून देतील!"

दुसऱ्या दिवशी फोनवर प्राध्यापकांसोबत एक क्यूबन बाई. खास माझ्यासाठी आणलेल्या दुभाषी! प्राध्यापक इंग्रजीत विचारणार, मला ते लख्ख कळणार, पण बाई स्पॅनिशमध्ये सांगेपर्यंत मी ठोंब्यासारखा गप्प. आणि बाई बोलल्या की काहीच कळायचं नाही!

त्यांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? आता सासूबाईंची एक म्हैस आहे. म्हशीला स्पॅनिश शब्द कुठून आणू? म्हटलं, मोठी काळी गाय म्हणू. जुळवाजुळव करून वाक्य फेकलं.

दुभाषी बाई थबकल्या. मग इंग्रजीत प्राध्यापकांना म्हणाल्या, "सर, ही सेज, हिज मदर-इन-लॉ इज अ बिग ब्लॅक काऊ."

फोन स्पीकरवर होता. मेधा समोर होती. दुरुस्त करायचं म्हटलं तर इंग्रजीतच करावं लागणार, आणि मला तर इंग्रजी येत नव्हतं!

"अहो!" मेधा किंचाळली. "माझी आई?"

"हू इज दॅट?" प्राध्यापकांनी विचारलं. बाईंनी मला स्पॅनिशमध्ये विचारलं. मी घाबरून म्हणालो, "सी, सी!"

"ही सेज येस," बाई म्हणाल्या. "आय थिंक, सर, दॅट इज द काऊ."

मेधानं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. आणि एवढं होऊन, ऐका, माझी निवड झाली! प्राध्यापकांना माझी तळमळ आवडली म्हणे. अट एकच: येण्याआधी प्राथमिक इंग्रजीचा कोर्स पास व्हायचा.

काय करता? कसाबसा व्हिसा वाढवून शारजातल्याच एका क्लासमध्ये नाव घातलं. पहिल्या बाकावर बसून, तोंड वर न करता, "धिस इज अ पेन" म्हणत तीन महिने काढले. शेजारी एक रशियन बाई होती. आली तेव्हा तिला 'येस' आणि 'नो' सोडून काही येत नव्हतं.

परीक्षा झाली. ती पहिली आली.

मी दुसरा!