न मागितलेली माफी

माझ्या मामांइतका क्षमाशील माणूस आमच्या सबंध किनाऱ्यावर झाला नाही, आणि देवाची दया असेल तर पुन्हा होणारही नाही. इतर गावांत लोक रागाला भितात. कोर्लईत आम्ही मामांच्या माफीला भ्यायचो. वर्षभर त्यांचं कुणाशी ना कुणाशी वाजलेलं असायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे. शिव्या खाऊन माणूस आपल्या कामाला लागायचा. पण पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचे उपवासाचे चाळीस दिवस तोंडावर आले की आळीतली शहाणी माणसंही एकमेकांना हळूच विचारायची, यंदा त्यांच्या मनात कोण कोण आहे म्हणून.

उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी सकाळी पाद्री सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढायचा आणि, तू माती आहेस, मातीतच जाशील, असं सांगायचा. बाकीचे ते ऐकून मान खाली घालून घरी जायचे. मामांना ते इतरांविषयी सांगितलंय असं वाटायचं. घरी येऊन ते लग्नातला काळा कोट चढवायचे, छत्री काखेत मारायचे आणि राखेचं कपाळ पुढे करून आळीत उतरायचे. ती राख जितके दिवस टिकेल तितकी टिकावी म्हणून तोंड गालांपर्यंतच धुवायचे आणि रात्री उताणे झोपायचे. उताणे झोपले की ते भयंकर घोरायचे. उपवास यांचा आणि प्रायश्चित्त माझं, असं मामी बिचारी पाणवठ्यावर सांगायची.

माफ करायची त्यांची एक रीत होती. ज्याला माफ करायचं त्याच्या अंगणात जाऊन उभं राहायचं, बापाच्या नावासकट त्याला खणखणीत हाक मारायची, आणि तो बाहेर आला तरी लगेच बोलायचं नाही. शेजारीपाजारी ओट्यावर येईपर्यंत छत्रीनं जमीन टोकरत थांबायचं. मग त्याचा गुन्हा पहिल्यापासून सांगायचा, ज्यांना ठाऊक नव्हता त्यांनाही नीट कळेल असा. आमच्या घराघरांत जुनी फिरंगी मिसळलेली बोली चालते. मामा भांडायचे त्या बोलीत; माफी मात्र स्वच्छ मराठीत, म्हणजे कोळीवाड्यातल्या आणि शेतावरच्या माणसांचीही गैरसोय होऊ नये. शेवटी हात वर करून म्हणायचे, ‘जा, माफ केलं तुला.’ कैतान पाववाल्याला त्यांनी पिठात वाळू येते म्हणून माफ केलं, आणि पास्कापर्यंत त्याचा पाव कुणी घेतला नाही. शेजारच्या नातालीनला किल्ल्याच्या वाटेवर कुणाशी तरी बोलत उभी राहिल्याबद्दल माफ केलं. तिचं ठरलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं. ती पुढे मुंबईला एका साहेबाच्या घरी आया म्हणून गेली ती परत आलीच नाही, आणि मामा शेवटपर्यंत सांगत राहिले की त्या पोरीबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही.

यात त्यांनी धर्माचा भेद कधी केला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. खाडी ओलांडून रेवदंड्याच्या बाजारात जाऊन त्यांनी एका कोळणीला शिळी मासळी विकल्याबद्दल माफ केलं. ती टोपलीमागून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘मना माफ कराला तू कोन रं? मावरं ताजं व्हतं, तुजं नाकच कुजलंय.’ मामांनी तिला त्याबद्दलही तिथल्या तिथे माफ केलं. मिठावरच्या करासाठी त्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सरकारला माफ केलं होतं. सरकारला त्याची खबर लागली नाही. घरचा कोंबडा पहाटे अवेळी आरवायचा, त्यालाही एका उपवासकाळात माफी मिळाली. पास्काच्या दिवशी तो आम्ही जेवलो.

पाद्रीजवळ पापं कबूल करायला गेले की ते दुसऱ्यांचीच पापं सांगायचे. मामांचा आवाज मुळातच मचव्यावरून किनाऱ्याला हाक मारण्याचा, त्यामुळे मागे रांगेत उभ्या असलेल्यांना सगळं ऐकू जायचं. पाद्रीनं कंटाळून, स्वतःचं काय ते सांगा, असं म्हटलं, तेव्हा मामा म्हणाले की स्वतःचंच सांगतोय, या लोकांमुळे मला राग येतो आणि राग हे पाप आहे. सणाआधीच्या गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, पाद्री गावातल्या बारा जणांचे पाय धुतो. त्या बाकावर मामांची जागा पहिली. घरून निघण्यापूर्वी ते काथ्यानं पाय असे घासून यायचे की पाद्रीला धुवायला काही उरायचं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई फार कडू बोलते. बोलते खरी. पण हेच मामा, मी लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा, मला मांडीवर घेऊन खाडीपार डॉक्टरांकडे गेले होते. होडीत सबंध वेळ त्यांनी कोटानं माझ्यावरचं ऊन अडवलं आणि बेसूर आवाजात मेरीमातेचं गाणं म्हटलं. डॉक्टरांनी थांबायला लावलं म्हणून त्यांच्याशी कडाकडा भांडले, आणि पुढच्या उपवासकाळात त्यांना माफ करून आले. दर मे महिन्यात आमचं छप्पर नव्या झापांनी शाकारून द्यायचे. आमच्या घरचा तांदूळ त्यांच्या शेतातला. सगळं करायचे, पण अंगणात उभं राहून. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसत, आमच्या घरचं पाणीही पीत नसत. का, ते सांगते.

माझे वडील मामांच्या मचव्यावर तांडेल होते, मचवा त्यांच्या हुकमानं चालायचा. मी तेव्हा रांगत होते. पाऊस तोंडावर आला होता, बाकीच्यांनी आपापले मचवे वर ओढून शाकारायला घेतले होते. मामांना मात्र नारळाची आणखी एक खेप मुंबईला पाठवायची होती. वडील आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, वारा फिरलाय, मी जाणार नाही. तेव्हा मामा त्यांना म्हणाले, ‘बायकोच्या पदराखाली बसायचं असेल तर बस. मी दुसरा तांडेल बघतो.’ आई दाराआड होती, तिनं हे ऐकलं. आणखी कुणी नाही. वडील उठले आणि गेले. दोन खलाशी फळीला धरून थळच्या किनाऱ्याला लागले. वडील आणि मचवा दोन्ही मिळाले नाहीत. मामांनी गावात सांगितलं की मी नकोच म्हणत होतो, त्यालाच खेपेची हाव सुटली होती.

आणि मग दर राखेच्या बुधवारी, सगळी आळी उरकून झाली की, मामा शेवटी आमच्या अंगणात यायचे. कोट, छत्री, कपाळावर राख. माणसं जमेपर्यंत थांबायचे आणि माझ्या बुडालेल्या बापाला माफ करायचे. त्यानं माझं ऐकलं नाही, माझा मचवा घालवला, माझ्या बहिणीला उघड्यावर टाकलं, तरी मी त्याला माफ केलं, असं म्हणायचे. आई आत चुलीपाशी बसून असायची. त्यांच्या तांदळावर आम्ही जगत होतो. ती काय बोलणार?

पण ओट्यावरच्या त्या एका वाक्यानं तिचं काय केलं होतं ते मला घरात दिसत होतं. मनात भावाविषयी वैर ठेवून वेदीकडे जायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आई ते शब्दशः धरून बसली. दर उपवासकाळात ती एक वेळ पेज पिऊन राहायची, क्रुसाच्या वाटेची प्रार्थना गुडघ्यांवर करायची, पाद्रीला सांगायची की मला माफ करायचंय आणि जमत नाही. पास्काच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सगळं गाव ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायचं. आई शेवटच्या बाकावर बसून राहायची. ते गावाला दिसायचं, मामांनाही दिसायचं. ‘पास्कालासुद्धा प्रसाद घेत नाही,’ ते अंगणात सांगायचे, ‘तेही मी माफ केलंय.’ त्या माणसाला मी त्या वेळी खाडीत ढकललं असतं.

मग मला रेवदंड्याच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली आणि मामांच्या तांदळाची गरज उरली नाही. आई तेवढ्यासाठीच थांबली होती की काय, कोण जाणे. त्या वर्षी राखेच्या बुधवारी मामा आले, माणसं जमली, मामांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं, आणि आई पहिल्यांदाच बाहेर आली. तिच्याही कपाळावर राख होती. डोकीवरचा पदर नीट करून तिनं विचारलं,

‘दादा, त्या दिवशी या ओट्यापाशी तू त्यांना काय बोललास?’

मामा म्हणाले, आता ते कुणाला आठवतंय. तर आईनं ते वाक्य त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आवाज न चढवता, सगळ्यांदेखत. मामा छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले.

‘मला तुला माफ करायचंय,’ आई म्हणाली. ‘इतकी वर्षं देवाजवळ तेवढंच मागतेय. पण तू मागत नाहीस, आणि न मागता द्यायला मला तुझ्यासारखं जमत नाही.’

मामा वळून चालू लागले. त्यांच्या मागून माणसंही पांगली. त्या उपवासकाळात मामांनी कुणालाही माफ केलं नाही. सुरुवातीला लोकांना बरं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. कैताननं तर त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम खाकरून पाहिलं, मामा बाहेर आले नाहीत. गुरुवारी पाय धुवायच्या बाकावर पहिल्या जागी दुसराच कुणी बसला होता.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आळी सगळी आडवी झाली असताना मामा आले. कोट नव्हता, छत्री नव्हती. अंगणात थांबले नाहीत. उंबरठा ओलांडून सरळ आत आले आणि चुलीसमोर भुईवर बसले. म्हातारे दिसत होते. आईनं पेज वाढून पुढे ठेवली. त्यांनी भांड्याला हात लावला नाही.

‘बाय,’ ते म्हणाले, ‘तो जात नव्हता. मी घालवला.’

आणि मग, ज्या आवाजाला सबंध किनारा ओळखायचा त्याच आवाजाच्या माणसाच्या तोंडून, मला कसंबसं ऐकू येईल इतकं हळू आलं, ‘माफ कर.’

आई विस्तवाकडे बघत बसली होती. चुलीतलं लाकूड मागे ओढून म्हणाली, ‘पेज निवतेय, दादा, जेव.’ मामांनी ती खाली मान घालून संपवली, भांडं स्वतः विसळलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी पास्काची मिस्सा झाली. मला वाटलं होतं आई आज उठणार. ती उठली नाही. मामा पुढच्या बाकावरून मागे वळून वळून बघत होते, मला त्यांच्याकडे बघवेना. घरी आल्यावर मी आईला जरा चिडूनच विचारलं, आता आणखी काय हवंय तुला? ती म्हणाली, ‘माझ्या मनात अजून नाही आलं गो. खोटं कसं जाऊ? पण आता येईल असं वाटतंय.’

मामा पुढे चर्चमध्ये चार लोकांना बाजूला घेऊन, तांडेलाची चूक नव्हती, माझी होती, एवढंच सांगत राहिले. न विचारता सांगायची खोड काही गेली नाही. पाऊस लागला आणि श्रावणाच्या सुमारास छातीत कळ येऊन ते दोन दिवसांत आटोपले. आईनं त्यांचे पाय पुसले, डोळे मिटवले, सगळं केलं. पण तिच्या ओठांवर माफीचा शब्द आला नाही, आणि मला तिची चीडही आली आणि कीवही.

पुढचा उपवासकाळ फार शांत गेला. राखेच्या बुधवारी लोक दुपारपर्यंत उगाच ओट्यांवर बसून होते आणि मग आपापल्या घरात गेले. आईनं नेहमीसारखे उपवास केले, त्याविषयी माझ्याशी बोलली नाही. पास्काच्या मिस्सेत लोक पुढे जायला लागले तेव्हा ती माझ्या शेजारून उठली. मी गुडघे बाजूला घेऊन तिला वाट दिली. शेवटच्या बाकापासून वेदीपर्यंत ती हळूहळू चालत गेली, सगळ्या गावानं बघितलं, आणि तोंड मिटून परत आली. जागेवर बसून बराच वेळ तिनं डोळे उघडले नाहीत. मग पदरानं तोंड पुसून माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, ‘दादाला सांगायचं राहिलं गो.’