हळदीकुंकवाला आलेले साहेब

मधली काही वर्षं नांदेडात नगरसेवकच नव्हते. निवडणूक लांबलेली, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारीच्या चेंबरचं झाकण फुटलं. कुणी पडू नये म्हणून शेजाऱ्यांनी त्यात बाभळीचा फाटा खोवला.

मग निवडणूक झाली आणि प्रभागाला एकदम चार नगरसेवक मिळाले. भोकरहून आमच्याकडे कायमच्या राहायला आलेल्या माझ्या सासूबाई हरखल्या. "चौघं हायेत म्हणल्यावर झाकण उद्याच बसतंय बघ!"

पहिले म्हणाले, तुमची बाजू मी बघत नाही. दुसऱ्यांनी क्षेत्रीय कार्यालयात पाठवलं, तिथल्या बाबूंनी नगरसेवकाचं पत्र मागितलं. तिसऱ्यांनी येऊन फाट्याशेजारी फोटो काढून घेतला. चौथ्या नगरसेविका होत्या, पण त्यांचा फोन दरवेळी त्यांचे यजमान उचलायचे. "बोला, नगरसेवक बोलतोय."

"मत तर म्या बाईला दिलंय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चैत्राच्या हळदीकुंकवाचं आवतण त्याच फोनवर दिलं.

त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. दारात गाडी थांबली आणि कडक इस्त्रीचे, पांढऱ्या कपड्यांतले यजमान एकटेच आत आले. "मॅडम कामात आहेत. त्यांचं सगळं मीच बघतो."

सासूबाईंनी शांतपणे करंडा हातात घेतला. "बरं झालं आलात. बसा पाटावर, ओटी भरायची हाय. पदर कुठंय तुमचा?"

बायका एवढ्या हसल्या की माझ्या हातातलं पन्हं सांडलं. यजमान उलट पावली अंगणात गेले आणि त्यांनी घरी फोन लावला. थोड्या वेळानं नगरसेविका स्कूटीवर आल्या. त्यांना आवतणाचा पत्ताच नव्हता. ओटी घेऊन त्यांनी आमचं म्हणणं ऐकलं, बाहेर जाऊन फाटा हलवून बघितला, नाकाला पदर लावला आणि यजमानांच्या हातातला फोन घेऊन थेट महापालिकेच्या इंजिनिअरला लावला.

"नगरसेविका बोलतेय. ...नाही, मीच बोलतेय. ...साहेबांना कशाला देऊ? साहेब पन्हं पिऊन राहिलेत."

यजमान खरंच पायरीवर बसून पन्हं पीत होते. सासूबाईंनी त्यांना दुसरा पेलाही दिला.

त्याच आठवड्यात नवं झाकण आलं. फक्त ते रस्त्याच्या वर चांगलं वीतभर बसलं. आता प्रत्येक मोटारसायकल तिथं उडी मारते. सासूबाईंनी नगरसेविकांना विचारलं. या वेळी फोन त्यांनी स्वतःच उचलला.

"काकू, झाकण ड्रेनेजचं होतं," त्या म्हणाल्या. "रस्ता बांधकाम विभागाकडं येतो."

"मग बांधकामाच्या इंजिनिअरला बी पन्ह्याला बोलवू का?" सासूबाईंनी विचारलं.