ओरडायचं, पण कुणावर?

कवठे महांकाळजवळ बेदाण्याची एक शेड आहे. तिथं मी कामगारांना सुरक्षेचं शिकवते. माझा आवाज मोठा. आष्ट्याला माहेरी आई म्हणायची, हिला भोंगा लागत नाही. शेडमध्ये तोच उपयोगी पडला. धुतलेला बेदाणा पट्ट्यावरून पुढं सरकतो, बायका दोन्ही बाजूंना बसून काडी-खडा वेचतात, आणि खडखडाट असा की शेजारणीशीही मोठ्यानं बोलावं लागतं. म्हणून माझा पहिला धडा सोपा होता. कुणाचा पदर, कुणाचा हात मशीनकडं ओढला जाताना दिसला की आधी ओरडायचं. बायका माना डोलवायच्या. मला वाटायचं, झालं, शिकल्या.

पट्ट्याच्या टोकाला मशीन सांभाळायला साठीचे एक गृहस्थ होते, पूर्वी मेंढरं राखलेले. त्यांची धाकटी सून त्याच पट्ट्यावर बसायची. ती सासऱ्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळी शेड त्यांना मामा म्हणे. दोघं एकाच गाडीवरून यायची. शेडमध्ये तिनं डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही.

त्या दुपारी रोलरमध्ये काड्यांचा गुंता अडकला. मशीन बंद न करताच मामा तो काढायला वाकले, आणि खांद्यावरच्या टॉवेलचं टोक रोलरखाली गेलं. सगळ्यांत आधी सुनेनं पाहिलं. ती उठली, पण ओरडली नाही. पळत पळत शेडच्या दुसऱ्या टोकाला, वजनकाट्यावरच्या माणसाकडं गेली आणि म्हणाली, "मामांना तेवढं सांगा की, टावेल वढतोय त्यांचा."

मी दारात उभी होते. ही का पळतेय ते मला कळेना. तेवढ्यात मामांची किंकाळी ऐकू आली. टॉवेल सोडवायला घातलेल्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्याच्या पायरीवर मी तिच्यावर तुटूनच पडले. "अगं, तू पाहिलंस ना? मग ओरडली का नाहीस?"

खुळ्यासारखं मीच काहीतरी विचारलंय अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "मामांवर कसं आरडायचं, ताई? समद्यांच्या देखत?"

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी हे सांगितलं, तेव्हा वाटलं होतं की कुणीतरी कपाळावर हात मारून घेईल. कुणीच नाही. "खरं हाय की," एक म्हणाली, "सासऱ्यावर कोन आरडतंय?" दुसरी म्हणाली, "म्या बी पळालेच असते. जाऊ असती तर लय आरडले असते!" बायका हसल्या. मला हसू येईना, भीती वाटायला लागली. मोठ्यांपुढं आवाज चढवायचा नाही, हे मलाही लहानपणापासून शिकवलंय. पण डोळ्यांदेखत हात मशीनमध्ये जात असतानाही?

मालकांनी पट्ट्यावर लांब दोरी बांधून घेतली. कुठूनही ओढली की मशीन बंद. चांगलंच झालं. पण सून कामावर येईना. मामांपुढं ताट ठेवते, त्यांचा हात बघते आणि न जेवता आत जाऊन बसते, असं तिची जाऊ सांगायची. मालक म्हणाले, दुसरी बघा. मी भांडले. पण जिला स्वतःचीच भीती बसलीय, तिला पट्ट्यावर कसं बसवायचं ते मलाही सुचत नव्हतं.

जखम भरल्यावर एका सकाळी मामाच तिला घेऊन आले. मशीन अजून सुरू व्हायचं होतं. ते सरळ रोलरपाशी गेले, वाकले आणि टॉवेलचं टोक खाली सोडलं.

"हं. आरड आता."

ती खाली मान घालून उभी. बायका माना वळवून बघू लागल्या.

"नगा वो, मामा."

"आरड म्हंतोय न्हवं!"

पहिल्यांदा ती इतकं हळू बोलली की ते फक्त तिचं तिलाच ऐकू आलं असेल. मग तिनं डोळे गच्च मिटले. "मामा! टावेल सोडा! मागं व्हा!"

वरचे पत्रे दणाणले. मला वाटलं होतं, आता मामा तिला शाबासकी देतील. पण ते तसेच वाकून राहिले. बऱ्याच वेळानं सरळ झाले, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"नवी नवरी हुतीस," ते म्हणाले. "चुलीपाशी कायतरी बोलून मोठ्यानं हसलीस. तवा मीच खेकसलो हुतो, ह्या घरात बाईचा आवाज भाईर येत न्हाई म्हून. तवापस्नं तुजा मोठा आवाज आजच ऐकला." त्यांनी बोटं गेलेला हात तिच्यापुढं धरला. "ही तू न्हाई घालवलीस गं. ही तवाच गेली."